तुटलेलं टोक आधी बघा

कॅल्गरी, कॅनडा

ती. स्व. सौ. वहिनींना,
शि. सा. न. वि. वि.

वाकळेवर, म्हणजे गोधडीवर, शिवण घालताना दोरा सारखा तुटतो, मशीनवाला येतो, टेन्शन (दोऱ्याचा ताण) ढिलं करतो आणि पैसे घेऊन जातो, असं तुम्ही म्हणालात. फोनवर हे सांगून होण्यासारखं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. मी काम करते त्या दुकानात दिवसभर हेच चालतं: थरावर थर घालायचे आणि मशीननं शिवायचे. बारा फुटी फ्रेमवरचं मशीन असो नाहीतर आपलं पायमशीन, दोरा तुटायची कारणं तीच.

दोरा तुटला की लगेच ओवायला घेऊ नका. तुटलेलं टोक उजेडात धरा. ते पिंजलेलं, केसाळ दिसलं तर दोरा कुठंतरी घासतोय, बहुतेक वेळा सुईच्या नेढ्यात. कापल्यासारखं सरळ तुटलं असेल तर हिसका बसलाय. टेन्शन आवळलेलं आहे किंवा दोरा रिळावर अडकतोय. टोकाला बारीकशी कडक गोळी लागली तर पॉलिएस्टरचा दोरा तापलेल्या सुईनं वितळलाय, तेव्हा मशीन जरा सावकाश चालवा. एवढं बघितलं की कुठं हात घालायचा ते कळतं.

घासण्याचं मी एवढं का सांगते, तर प्रत्येक टाक्याला मशीन लागतो त्याहून पुष्कळ जास्त दोरा खाली ओढतं. त्याचा फास बॉबिन केसभोवती, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या डबीभोवती, फिरतो आणि उरलेला दोरा परत वर जातो. म्हणजे दोऱ्याचा एकच तुकडा कापडात बसण्याआधी त्याच नेढ्यातून डझनावारी वेळा खाली-वर होतो. नेढं अरुंद असेल तर चांगल्यातला चांगला दोराही पिंजणारच.

म्हणून सुई आधी. ब्लाउज शिवायची ११ नंबरची सुई वाकळेला चालत नाही. १६ लावा, थर जास्त असतील तर १८. तपासायची सोपी रीत आहे: वीतभर दोरा सुईत ओवा, दोन्ही टोकं धरून तिरपा ताणा. सुई आपल्या वजनानं खाली घसरली पाहिजे. मध्येच अडली तर दोरा जाड आहे किंवा सुई बारीक. सुईची लांब खाच ज्या बाजूनं दोरा ओवायचा त्या बाजूला हवी. आणि सुई मोडेपर्यंत वापरू नका. सात-आठ तासांची शिवण झाली की बदलाच. जुन्या लुगड्यांचे जरीचे काठ कापून बाजूला काढा, त्यांनी सुई लवकर बोथट होते. इचलकरंजीचं नवं कापड अस्तराला घेतलं तर खळ जाईपर्यंत धुऊन घ्या.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. वाकळ जड असते. ती मशीनवरून खाली लोंबत राहिली की तिच्या वजनानं कापड ओढलं जातं, सुई किंचित वाकते आणि तिच्याखालच्या भोकाच्या पत्र्याच्या पट्टीवर आपटते. पट्टीच्या भोकाच्या कडेला चरा पडतो. मग नवी सुई घाला, नवं रीळ लावा, त्या चऱ्यावर दोरा पिंजतच राहतो, आणि बिचाऱ्या रिळाला शिव्या बसतात. मशीनशेजारी आणि मागं टेबल नाहीतर खाट लावून सगळी वाकळ वर ठेवा, हातानं ओढू नका. मशीन ओढेल तेवढीच पुढं जाऊ द्या. पट्टी काढून भोकाच्या कडेवरून जुना नायलॉनचा मोजा फिरवा. धागा अडकला की तिथं चरा आहे. मग ती पट्टी घेऊन दादाला कोल्हापूरच्या उद्यमनगरात पाठवा. तिथल्या कारागिरांना पॉलिश करायला पाच मिनिटं लागणार नाहीत. फक्त भोक मोठं करू नका म्हणावं.

दोरा ओवताना कापड दाबणारा पाय वर असू द्या. तो खाली असला की टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्यात बसत नाही. पट्टी काढलीच आहे तर कापड पुढं सरकवणाऱ्या दातांखालचा आणि बॉबिन केसमधला कापसाचा गाळ ब्रशनं काढा. जुन्या लुगड्यांचा तर फार साठतो. पावसाळ्यात आपल्याकडं दोऱ्याचा फास पकडणाऱ्या हुकला गंज धरतो, तिथं मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरे. इथं उलटं आहे: हिवाळ्यात हीटरनं घरातली हवा कोरडी पडते आणि सुती दोरा कडक होऊन तटकन तुटतो. ओलीनं सुती धागा बळकट होतो, कोरडेपणानं कमजोर.

एवढं करून तुटलाच, तर दोऱ्याकडं वळा. शाहू मिलमध्ये आजोबा सूत बोटांत ताणून बघायचे, तसंच बघायचं. सहज तुटला तर रीळ जुनं झालंय, ते हाताचे कच्चे टाके घालायला ठेवा. हातशिलाईचा मेणाचा दोरा मात्र मशीनला कधीच लावू नका, त्याचं मेण चकत्यांत बसतं. टेन्शनला हात सगळ्यात शेवटी, आणि तोही थोडा थोडा.

तुटल्यावर पुन्हा सुरू करताना मागच्या टाक्यांवरून अर्धा इंच शिवण घ्या, नाहीतर धुण्यात तिथूनच उसवायला लागतं. बाळंतपणाला दिलेली वाकळ किती वेळा धुतली जाते ते तुम्ही जाणताच. म्हणून तर मी एवढं लिहितेय.

१६ आणि १८ नंबरच्या सुया मार्चमध्ये येणाऱ्या पाहुण्यांबरोबर पाठवते. आधी मशीनवरची जुनी सुई काढून तिच्या दांड्याचा आणि पट्टीचा फोटो पाठवा, म्हणजे बसणाऱ्याच घेता येतील.

आबांना आणि दादाला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमची,
मंगल