सिझेरियनचं मनातून काढ

पुणे, शुक्रवार

प्रिय मन्या,

काल फोनवर तू विचारलंस, "नॉर्मल झाली असती तर पोरीची प्रतिकारशक्ती चांगली राहिली असती ना रे?" मागे वहिनींचा आवाज येत होता, म्हणून मी विषय वाढवला नाही. ओंकारच्या वेळी मीही हेच विचारत फिरलो होतो.

तू ऐकलंस ते खोटं नाही. नॉर्मल बाळंतपणात बाळाला आईच्या आतड्यातले जिवाणू मिळतात. सिझेरियनच्या बाळाच्या पोटात दवाखान्यातले जास्त शिरतात. ब्रिटनमध्ये ५९६ बाळांची शी तपासली, २०१९ साली ते प्रसिद्ध झालं. फरक स्पष्ट होता, पण सहा ते नऊ महिन्यांत बराचसा पुसट झाला. सिझेरियनच्या मुलांत दमा थोडा जास्त आढळतो; तो या जिवाणूंमुळेच होतो असं मात्र सिद्ध झालेलं नाही.

मला खरं नवल वाटतं ते दुधाचं. आईच्या दुधात दोनशेच्या आसपास अशा शर्करा असतात, ज्या बाळाला पचतच नाहीत. त्या असतात बायफिडोबॅक्टेरियासाठी. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीत हे जिवाणू पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या हेन्री टिसिए यांना १८९९ मध्ये सापडले. त्या शर्करा खाऊन ते आम्ल तयार करतात, मग रोगजंतूंना आतड्यात बस्तान बसवणं जड जातं. शरीराच्या संरक्षक पेशीही त्यांच्याच संगतीत आपलं-परकं ओळखायला शिकतात. एका घोटात आई दोघांना जेवू घालते रे!

ओडिशाच्या खेड्यांत पिनाकी पाणिग्रहींच्या गटाने साडेचार हजारांवर नवजात बाळांवर प्रयोग केला. काहींना आठवडाभर लॅक्टोबॅसिलस हा उपयोगी जिवाणू आणि त्याचं खाद्य दिलं. त्यांच्यात जंतुसंसर्ग किंवा मृत्यूचं प्रमाण ५.४ टक्के राहिलं, इतरांत ९. तरी दुकानातून कसलेही थेंब आणू नकोस. तो एक ठरावीक वाण होता. डॉक्टरांना विचार.

टाके दुखत असतील तर वहिनींना कुशीवर झोपून पाजू दे, पाठीला उशा तू लाव. ओंकारला पहिले दोन दिवस डब्याचं दूध दिलं आणि चीक वाया गेला, ते मला अजून लागतं.

राहिलं काकूंचं मधाचं बोट. घरच्या पोळ्यातला असला तरी वर्षाच्या आत मध नकोच, त्यात बोट्युलिझम या बाळाच्या जिवावर बेतू शकणाऱ्या आजाराचे बीजाणू असू शकतात. तू सांगितलंस तर भांडण होईल. रविवारी मी येतोय, मीच बोलतो त्यांच्याशी. तोवर बाटली वरच्या फळीवर ठेव.

तुझा,
सुधीर