गेमचं परीक्षण पण छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत हॉरर म्हणजे भीतीच्या व्हिडिओ गेम्सवर जो लेख आला होता त्याबद्दल लिहितेय. त्यात म्हटलंय की या गेम्समध्ये पोरं तासन्‌तास एकटी बसून गोळ्या झाडत राहतात, रक्त बघतात आणि बिघडतात, बाकी त्यात काही नसतं. अख्खा लेख वाचला पण त्यात एकाही गेमचं नाव सापडलं नाही. नाटक न बघता कोणी नाटकावर लिहिलं तर तुम्ही छापाल का हो? आमच्या ठाण्यात गडकरी रंगायतनला नाटकाचा प्रयोग सुटला की लोक तलावपाळीवर चहा घेत दुसरा अंक कसा पडला, शेवट कसा गुंडाळला यावर तासभर बोलतात, आम्ही गेम खेळणारे पण अगदी असंच बोलतो, फक्त ते पेपरात कधी येत नाही. म्हणून आज एकाच गेमबद्दल नीट लिहिते, लांबलं तर समजून घ्या.

गेमचं नाव रेझिडेंट ईव्हिल रेव्हलेशन्स 2. कॅपकॉम या जपानी कंपनीचा, 2015 चा. मूळ रेझिडेंट ईव्हिल 1996 मध्ये आला, तेव्हापासून ही मालिका चालूच आहे. 2012 मध्ये निन्टेंडोच्या थ्रीडीएस या हातात मावणाऱ्या मशीनवर रेव्हलेशन्सचा पहिला भाग आला, एका भल्यामोठ्या जहाजावर घडणारा, आणि त्याची मांडणी टीव्हीवरच्या मालिकेसारखी होती, म्हणजे मध्येमध्ये 'आत्तापर्यंत काय घडलं' ते दाखवायचे. त्याच वर्षी मुख्य मालिकेचा सहावा भाग आला, त्यात इतकी धावपळ आणि धूमधडाका होता की भीती कुठे गेली असं बरेच जुने लोक विचारायला लागले. म्हणून दुसऱ्या रेव्हलेशन्सकडून सगळ्यांना खूप अपेक्षा होत्या, आणि त्यात कंपनीने ठरवलं की आता नुसती मांडणी नाही, गेमच एपिसोडमध्ये विकायचा. चार एपिसोड, दर आठवड्याला एक, फेब्रुवारीच्या शेवटी पहिला आणि मार्चच्या मध्यापर्यंत चौथा. ज्यांना असं तुकड्यातुकड्यांत खेळायचं नव्हतं त्यांच्यासाठी नंतर सगळं एकत्र असलेली डिस्क पण आली.

यावरून तेव्हा जी भांडणं झाली ती आमच्या ग्रुपमध्ये आजही निघतात. आमचा ग्रुप म्हणजे ठाणे, ऐरोली, खारघर असे पसरलेले नोकरीवाले लोक, कोणी बँकेत, कोणी कॉल सेंटरला, एक बाई शाळेत शिकवतात. एका बाजूचं म्हणणं की एपिसोड वगैरे सगळी पैसे काढायची युक्ती, गेम तयार आहे ना मग एकदम द्या. दुसऱ्या बाजूचं म्हणणं की आठवडाभर डोक्यात ती गोष्ट घोळत राहते त्यातच मजा आहे. मी दुसऱ्या बाजूची. पण पहिल्या बाजूचा राग पण मला कळतो, कारण एपिसोडवाल्या गेम्सनी लोकांना खूप दगा दिलाय. हाफ-लाइफ 2 या गेमचा एपिसोड टू 2007 मध्ये आला, शेवटी असं काही घडतं की माणूस सुन्न होतो, आणि तिसरा एपिसोड काही आलाच नाही. टेलटेल कंपनी तर 2018 मध्ये द वॉकिंग डेड या गेमचा शेवटचा सीझन अर्ध्यात असतानाच कोसळली, चारातले दोनच एपिसोड तिने काढले, उरलेले दुसऱ्या कंपनीने पूर्ण केले म्हणून बरं. आपल्याकडे मासिकात 'क्रमशः' छापलं की पुढच्या अंकात पुढचं प्रकरण येणार हा भरवसा असतो, तो भरवसा नसेल तर लोक एपिसोड विकत कशाला घेतील? रेव्हलेशन्स 2 ने हा शब्द पाळला. चार म्हणजे चार, आठवड्याला एक म्हणजे एक. एवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं, आणि ते देताना फार कोणी दिसत नाही.

आता मुख्य गोष्ट, गोळ्यांची. यात दोन जोड्या आहेत. क्लेअर रेडफिल्ड आणि मोइरा बर्टन या दोघींना पळवून एका बेटावर कोंडलेलं असतं, हातात एकेक कडं अडकवलेलं, आणि माणूस जसजसा घाबरतो तसा त्या कड्याचा रंग बदलतो. अंगात जो व्हायरस टोचलाय तो भीतीनेच जागा होतो, म्हणजे जो घाबरला तो संपला. दुसरी जोडी म्हणजे मोइराचा बाप बॅरी, जो मुलीला शोधत त्या बेटावर येतो, आणि तिथे त्याला भेटलेली नतालिया नावाची छोटी मुलगी. या चौघांपैकी बंदूक फक्त दोघांकडे, क्लेअर आणि बॅरी. मोइरा बंदुकीला हातच लावत नाही, कारण लहानपणी तिच्या हातून चुकून बहिणीला गोळी लागलेली असते आणि तेव्हापासून बापलेकीचं बिनसलेलं. तिच्याकडे फक्त टॉर्च आणि पहार. नतालियाकडे तर तेही नाही, ती विटा उचलून मारते आणि बोट दाखवते.

ते बोट दाखवणं म्हणजे काय ते सांगते, कारण तुमच्या लेखाला माझं उत्तर तेच आहे. यात ग्लास्प नावाचा एक उडणारा किड्यासारखा प्राणी आहे, तो बॅरीला दिसतच नाही. नतालियाला मात्र त्या जागी काळा ढगासारखा काहीतरी गोळा दिसतो. मी आणि माझा धाकटा भाऊ हा गेम एकाच टीव्हीवर, स्क्रीन अर्धी अर्धी करून खेळलो, तो बॅरी आणि मी नतालिया. त्याच्या अर्ध्या भागात नुसती मोकळी जागा, माझ्या अर्ध्या भागात तो काळा गोळा हळूहळू त्याच्याकडे सरकतोय. त्याच्याकडे बंदूक आहे पण दिसत नाही, मला दिसतंय पण हातात काही नाही. "डावीकडे रे, अजून डावीकडे, आता वर, मार मार!" "अगं कुठे, मला काहीच दिसत नाहीये." "मला दिसतंय ना, तू मार!" आणि त्याने माझ्या बोटाकडे बघून रिकाम्या हवेत गोळी झाडली आणि तो प्राणी धप्पकन खाली पडला, तेव्हा आम्ही दोघं अक्षरशः ओरडलो. तो तेव्हा नोकरी शोधत होता, घरात कोणाशी धड बोलत नव्हता. त्या आठवड्यांत आम्ही जेवढं बोललो तेवढं त्याआधी वर्षभरात बोललो नव्हतो. एकटी बसून गोळ्या झाडणारी पोरं म्हणता ना, तर यातली अर्धी पात्रं गोळी झाडतच नाहीत, आणि त्यांच्याशिवाय गोळी झाडणाऱ्याचं पान हलत नाही.

आई पण बघायची, सोफ्यावर बसून मेथी निवडत. तिला कंट्रोलरशी काही देणंघेणं नव्हतं पण गोष्ट तिने पकडली होती. बॅरीला नतालिया सरळ सांगून टाकते की मोइरा मेली, आणि मग कळतं की क्लेअर-मोइराची जी गोष्ट आपण बघतोय ती बॅरी यायच्या सहा महिने आधीची आहे. आईने निवडणं थांबवलं. पुढचा पूर्ण आठवडा रोज संध्याकाळी मी कामावरून आले की तिचा प्रश्न ठरलेला, "काय गं, ती पोरगी खरंच मेली का?" मला पण माहीत नव्हतं. हे सगळे एपिसोड एकदम आले असते तर आम्ही त्याच रात्री पुढचा लावून मोकळे झालो असतो, आईचा आठवडाभर चाललेला तो प्रश्न आमच्या वाट्याला आलाच नसता.

बरं, आता तक्रारी, कारण खेळणाऱ्यांनी त्या केल्यात आणि बऱ्याचशा खऱ्या आहेत. एक म्हणजे क्लेअर जिथून गेली तिथल्या काही जागांतून सहा महिन्यांनी बॅरी जातो, त्यामुळे तेच कॉरिडॉर परत बघावे लागतात. काही जण म्हणतात ही कामचुकारी आहे. मला अर्धं पटतं. जिथे जागा बदललेली दिसते, क्लेअरने केलेल्या गोष्टीचा परिणाम बॅरीला भोगावा लागतो, तिथे अंगावर येतं, जिथे नुसतीच तीच भिंत आणि तोच दरवाजा आहे तिथे कंटाळा येतो हे मान्य. चौथ्या एपिसोडमध्ये क्लेअरचा भाग एवढासा आहे की सुरू होतो म्हणेपर्यंत संपतो, पैसे पूर्ण एपिसोडचे घेतले ना, मग असं का? आणि सगळ्यात मोठी बोंब झाली ती पीसीवाल्यांची. कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या मशीनवर, दोघांनी मिळून खेळायची सोय होती, पीसीवर सुरुवातीला तीच नव्हती. ज्या गेमचा जीवच दोघांत आहे त्यात दुसऱ्यालाच बाहेर ठेवलं, मग लोक चिडणार नाहीत तर काय करणार. खूप आरडाओरडा झाल्यावर नंतर अपडेटमधून ती सोय दिली गेली. खेळणारे बोलले म्हणून ती मिळाली, आणि हे मी मुद्दाम लिहितेय, कारण खेळणाऱ्यांच्या मतांना काही किंमत नसते असा एकूण सूर असतो.

ऑनलाइन दुसऱ्या गावातल्या मित्राबरोबर मुख्य गोष्ट खेळता येत नाही ही पण तक्रार आहे, आमच्या खारघरच्या मित्राची तर कायमचीच, कारण त्याला पार्टनर नाही. एकट्याने खेळलं तर सारखं बटण दाबून एका पात्रातून दुसऱ्यात जावं लागतं, ते त्याला जाम वैताग आणतं. तो म्हणतो मोइराचा टॉर्च धरून उभं राहणं म्हणजे शिक्षा आहे, बंदूक असताना मी टॉर्च का धरू. यावर आमचं कधीच एकमत होणार नाही. मोइरा टॉर्चचा झोत शत्रूच्या तोंडावर मारते, तो डोळे झाकून धडपडतो, तेवढ्यात क्लेअरला संधी मिळते, गोळ्या वाचतात, आणि त्या गेममध्ये गोळ्या कायम कमी असतात. अंधारात चमकणाऱ्या वस्तू पण तिच्याच टॉर्चने सापडतात. हे काम ज्याला हलकं वाटतं त्याने गेम नीट खेळलेलाच नाही असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला रेड मोड आवडतो, ज्यात गोष्टबिष्ट नसते, फक्त टप्पे पार करायचे आणि हत्यारं वाढवायची. असू दे, त्याची आवड.

शेवटाबद्दल लिहिते, ज्यांना खेळायचाय त्यांनी हा परिच्छेद सोडा. गेमला दोन शेवट आहेत, आणि कुठला मिळणार ते तिसऱ्या एपिसोडच्या शेवटी ठरतं. क्लेअरला एका राक्षसाने धरलेलं असतं, बंदूक बाजूला पडलेली, तुम्ही क्लेअर म्हणूनच जोरजोरात बटण दाबत राहिलात तर ती वाचते पण पुढे वाईट शेवट मिळतो. त्याऐवजी मोइराकडे जाऊन तिला ती बंदूक उचलायला लावली तर चांगला. गेम हे कुठे सांगत नाही, म्हणून कितीतरी लोकांना वाईट शेवट मिळाला आणि ते म्हणाले की ही फसवणूक आहे. मला नाही वाटत फसवणूक. जी मुलगी पूर्ण गेमभर बंदुकीला शिवत नाही ती मैत्रिणीसाठी ती उचलते, आणि उचलते ती कोणीतरी तिच्या जागी जाऊन विचार केला म्हणून. या जोडीत भाऊ क्लेअर होता, मी मोइरा, मला त्याच्या किंचाळण्यावरूनच कळलं की आता मी काहीतरी केलं पाहिजे. तेव्हा आईने मेथीचं ताट बाजूला ठेवून टाळी वाजवली होती. बंदुकीबद्दल एवढा विचार केलेली गोष्ट मी इतर कुठे फार बघितलेली नाही, आणि तुमचा लेख म्हणतो की या गेम्समध्ये गोळ्यांशिवाय काही नसतं.

हा गेम लहान मुलांसाठी नाही, हे मी शंभर टक्के मान्य करते. डब्यावर युरोपचा 18 चा शिक्का असतो, अमेरिकेत एम म्हणजे मोठ्यांसाठी. रक्त आहे, शिव्या आहेत, मोइराच्या तोंडी तर भरपूर. पण ठाण्यातल्याच एका दुकानात मी सहावी-सातवीतल्या मुलाला वडील अशीच एक डिस्क घेऊन देताना बघितलंय, त्यांनी शिक्का बघितला पण नाही आणि दुकानदाराने सांगितलं पण नाही. त्या वडिलांना 'गेम वाईट असतात' हा लेख वाचून काय मिळणार? त्यांना हे सांगणारं कोणीतरी पाहिजे की हा गेम मोठ्यांचा आहे, यात हे हे आहे, पोराला देऊ नका, पण तुम्ही स्वतः बायकोबरोबर, भावाबरोबर खेळून बघा, आणि त्या अमुक गेममध्ये पोराबरोबर बसता येईल.

तुम्ही दर शुक्रवारी सिनेमाला स्टार देता, नाटकाचं परीक्षण छापता, आता तर वेब सिरीजचं पण येतं. गेमला एक कॉलम द्या. रोज नको, महिन्यातून एकदा चालेल. लिहिणारा माणूस गेम शेवटपर्यंत खेळलेला हवा, त्याचं मत कंपनीच्या जाहिरातीवरून बनलेलं नको, वय किती हवं ते ठळक लिहिलेलं हवं आणि खेळणाऱ्यांची पत्रं पण सोबत छापा, उलटसुलट दोन्ही, माझ्या खारघरच्या मित्राचं पण. कोणी लिहिणारं मिळत नसेल तर आमच्या ग्रुपमधल्या शिक्षिका बाई आणि मी दोघी लिहून द्यायला तयार आहोत, मानधन नाही दिलं तरी चालेल. शब्दमर्यादा किती ते तेवढं कळवा, कारण या पत्रावरून तुम्हाला अंदाज आलाच असेल की ती लागेल.

आपली नियमित वाचक,
वर्तकनगर, ठाणे (पश्चिम)
(कृपया नाव छापू नये)