रोबोटच्या टेबलाशी पालकांनाही बसवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळांमधील अटल टिंकरिंग लॅबच्या, म्हणजे मुलांनी रोबोटसारख्या गोष्टी स्वतःच्या हातांनी करून पाहण्याच्या प्रयोगशाळांच्या, बातम्या येतात त्या बहुधा निवडक विद्यार्थ्यांनी पटकावलेल्या बक्षिसांच्या. २०१६ पासून नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने देशभरात सुमारे १० हजार शाळांना अशा लॅबसाठी प्रत्येकी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान दिले, आणि २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात आणखी ५० हजार लॅबची घोषणा झाली. पालकांचे पाय मात्र तिथे लागतात ते प्रदर्शनाच्या दिवशी, हाताची घडी घालून पाहण्यापुरते.

गेल्या विज्ञान दिनी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एक मूल आणि घरातले एक मोठे माणूस अशा नऊ जोड्या टूथब्रशचा छोटा रोबोट करायला बसवल्या होत्या. जुना टूथब्रश, बंद पडलेल्या मोबाइलमधली व्हायब्रेशन मोटर, तीन व्होल्टचा बटण सेल आणि चिकटपट्टी एवढेच साहित्य. मोटरच्या दांड्यावरचे वजन एकाच अंगाला असल्याने ती फिरू लागली की ब्रश थरथरतो, आणि केस तिरपे असतील तर ते दर थरथरीला वाकून पुन्हा ताठ होताना त्याला पुढे ढकलतात. याला रोबोट म्हणावे का, अशी शंका एका इंजिनिअर वडिलांनी काढली. ना सेन्सर, ना प्रोग्राम. तेव्हा शंका रास्तच होती, पण त्यांचा स्वतःचा ब्रश जागच्या जागी गरगरत होता. शेजारी बसलेल्या, घरी शिवणकाम करणाऱ्या एका आईने त्याच्या केसांवरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, "हे एका बाजूला जास्त झिजलेत, आणि सेलचं वजनही तिकडेच आहे." सेल किंचित सरकवला, केस अंगठ्याने दाबून मागे वळवले, आणि ब्रश सरळ धावला. त्यांच्या मुलीने वहीत ही नोंद "आईचा उपाय" या मथळ्याखाली केली.

खासगी रोबोटिक्स क्लासमध्ये असा प्रसंग सहसा येत नाही, कारण तिथे पालक फी भरतो आणि तास सुटेपर्यंत बाहेर स्कूटरवर बसून राहतो. महागड्या किटची गरज असते असेही नाही. पुण्यातील आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिका या मुलांच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षे टाकाऊ वस्तूंपासूनच विज्ञान खेळणी करून दाखवली.

ज्या शाळांत लॅब आहे त्यांनी महिन्यातील एका शनिवारी ती दोन तास पालक-पाल्य जोड्यांसाठी उघडावी, आणि स्क्रू-ड्रायव्हर पालकाच्याही हाती द्यावा. सोबत धाकटी भावंडे येणार असतील, तर बटण सेलऐवजी पेन्सिल सेल आणि खेळण्यातली मोटर वापरावी. गिळलेला बटण सेल अन्ननलिका भाजून काढतो. या कामाचा भार विज्ञान शिक्षकांवर पडणार हे उघड असल्याने त्यांना त्या दिवसाची बदली रजा मिळावी, एवढी शिक्षण विभागाला विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक पालक, पुणे