जुने सायफाय अंक अख्खेच जपायला हवेत

संपादक महोदय,
जुन्या सायन्स फिक्शन कथा आता संग्रहांमधून मिळतात, छानच आहे, पण मूळ मासिक हातात घेऊन वाचण्यात जे आहे ते त्यात नाही. ह्यूगो गर्न्सबॅकने एप्रिल १९२६ मध्ये 'अमेझिंग स्टोरीज' हे सायन्स फिक्शनचं मासिक काढलं आणि पुढे त्यात वाचकांची पत्रं पत्त्यासकट छापायला लागले, त्यातून वाचक एकमेकांना लिहू लागले, क्लब निघाले, म्हणजे आजचं फँडम, चाहत्यांचं जग, तिथून उभं राहिलं हो! संग्रहात नेमकं हेच गळतं. मार्च १९४४ च्या 'अस्टाउंडिंग' या दुसऱ्या मासिकात अणुबॉम्बचं वर्णन असलेली कथा आली, हिरोशिमाच्या जवळपास दीड वर्ष आधी, आणि सरकारी माणसं थेट त्याचा संपादक कॅम्पबेलकडे चौकशीला गेली. असा अंक त्या काळच्या जाहिरातींसकट वाचताना अंगावर काटा येतो.

पेपरबॅकमध्ये मला १९५२ पासूनचे एस डबल्स, म्हणजे एकाच पुस्तकात दोन कादंबऱ्या, फार आवडतात, एक कादंबरी संपली की पुस्तक उलटं फिरवायचं, दुसरी सुरू.

पण या जुन्या अंकांचा स्वस्त पल्प कागद आम्लामुळे पिवळा पडतो, मग नुसता हात लावला तरी तुकडे पडतात. म्हणून ज्यांच्याकडे असे अंक असतील त्यांनी ते कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवावेत, आणि लायब्ऱ्यांनी स्कॅन करताना फक्त कथा नको, पत्रं-जाहिराती सगळं घ्यावं.

– एक वाचक