पेंटर काका, बाबांचा वॉलपेपर वाचवलात, खूप खूप थँक यू

काका, तुम्ही मोबाईल फक्त फोन घ्यायला वापरता म्हणून हे तुमच्या मुलाला वाचून दाखवायला सांगितलंय, पण मला सगळ्यांसमोरच आभार मानायचे होते.

जुलैत पाऊस लागून राहिला आणि आमच्या भांडुपच्या घरात हॉलच्या भिंतीवर चहाच्या रंगाचा हा एवढा मोठा डाग आला, तोही नेमका त्या वेलीच्या वॉलपेपरवर, जो बाबांनी स्वतः निवडून आणला होता. बाबा गेल्यापासून आई रोज त्याच भिंतीशी बसते आणि ते डिझाईन आता कुठेच मिळत नाही. एकाने तर फोटो बघूनच सांगितलं, सगळा काढून टाका. मी घाबरून ब्लीच आणि व्हिनेगर एकाच बादलीत ओतणार होते काका! तुम्ही हातातून बाटली काढून घेतलीत. त्यातून क्लोरीन गॅस सुटतो हे मला खरंच माहीत नव्हतं, आणि घरात दम्याची आई. आजही आठवलं की अंगावर काटा येतो.

आणि मग तुम्ही काही पुसलंच नाहीत. उलट्या बोटांनी भिंत चाचपलीत, डागाच्या कडेने पेन्सिलची बारीक रेघ ओढलीत आणि म्हणालात, थांब, आधी पाणी येतंय कुठून ते बघू. दोन दिवसांनी डाग रेघेच्या बोटभर बाहेर! छज्ज्याच्या सांध्यात चीर निघाली, उघडीप मिळाल्यावर ती भरलीत, मग आठ दिवस नुसता पंखा. २००५ च्या २६ जुलैनंतर (सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर!) लोकांच्या भिंती रंगवताना तुम्ही हेच शिकलात म्हणे, ओल्या भिंतीवर केलेलं काम टिकत नाही.

पुसायची वेळ आली तेव्हा आधी कपाटामागे टेस्ट, रंग सुटतोय का ते बघायला. आमचा व्हिनाईलचा, म्हणजे वर प्लास्टिकचा थर असलेला, म्हणून चाललं, साध्या कागदाचा असता तर पाणी लावूच दिलं नसतं म्हणालात. थोडं पांढरं व्हिनेगर, दुप्पट पाणी, स्पंज घट्ट पिळून, घासायचं नाही, नुसतं टिपायचं आणि तेही खालून वर, म्हणजे कोरड्या भागावर ओघळ उतरत नाहीत. डागापाशी न थांबता पूर्ण पट्टा जोडापर्यंत हलका ओलसर करायचा, नाहीतर सुकताना पाणी मळ कडेला नेऊन ठेवतं आणि नवीन गोल उमटतो, चहाचा थेंब सुकल्यावर कशी कड राहते तसं. तीन वेळा केलं, दर वेळी मध्ये पूर्ण सुकवून. तुमचं वय, तुमचे गुडघे, तरी तुम्ही जमिनीवर बसून ती खालची पानं एकेक टिपत होतात आणि आई बाजूला बसून डोळे पुसत होती.

एक फिकट पिवळी छटा राहिलीय, राहू दे. पेन्सिलची रेघ मी मुद्दाम ठेवलीय, पुढच्या पावसात बघायला. पैसे तर तुम्ही घेतले नाहीत, निदान रविवारी काकूंना घेऊन या, आई घावणे करणार आहे.