अध्यक्ष महोदय, हिशेब मतदानाआधी मिळावा

प्रति,
मा. अध्यक्ष, महाराष्ट्र विधानसभा,
विधान भवन, मुंबई

महोदय,
सविनय नमस्कार.

माझी नोकरी कोषागारात गेली. बिले, लेखाशीर्षे आणि ३१ मार्चच्या रात्रीची धावपळ यापलीकडे मला फारसे कळते असा दावा नाही. हे पत्र अर्थमंत्र्यांना न लिहिता आपल्याला लिहितो आहे, कारण मागणे सरकारकडे नसून सभागृहाकडे आहे: मतदानाआधी आमदारांना खर्चाचा हिशेब मांडून देणारे, कोणत्याच पक्षाचे नसलेले कार्यालय विधिमंडळाने उभारावे.

२८ जून २०२४ रोजी राज्याचा अतिरिक्त, म्हणजे अंतरिमानंतरचा पूर्ण वर्षाचा, अर्थसंकल्प मांडला गेला. एकूण खर्च ६,१२,२९३ कोटी रुपये. अकराव्या दिवशी, ९ जुलैला, ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या मागण्या, त्याच सभागृहात आल्या. डिसेंबरात ३५,७८८ कोटी, मार्च २०२५ मध्ये आणखी ६,४८६ कोटी. बेरीज १,३७,१६३ कोटी, म्हणजे मूळ आकड्याच्या एक पंचमांशाहून जास्त. यातला सगळा पैसा नवा नसतो. काही रक्कम एका शीर्षाखालून दुसऱ्याखाली सरकते. ते धरूनही एक प्रश्न उरतोच. घटनेचे कलम २०५ पुरवणी मागणीला परवानगी देते ती तरतूद अपुरी पडली किंवा अर्थसंकल्पात न धरलेली नवी गरज उभी राहिली म्हणून. जुलैच्या त्या मागण्यांत २५,००० कोटी 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेसाठी होते. योजनेची घोषणा अर्थसंकल्पाच्या त्याच भाषणात झालेली, वर्षाला ४६,००० कोटींच्या आकड्यासह. मग अकरा दिवसांत नवे असे काय कळले?

योजना चांगली की वाईट, यात मी शिरत नाही. माझ्या शेजारपाजारच्या बायकांना त्या दीड हजारांचा आधार आहे आणि तो खरा आहे. माझा जीव अडकतो तो भागाकारात. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात या योजनेला ३६,००० कोटी ठेवले. महिना १,५०० म्हणजे वर्षाला १८,०००. भागून पाहा: बरोबर दोन कोटी महिला. लाभार्थींची संख्या तेव्हा दोन कोटी चाळीस लाखांच्या पुढे सांगितली जात होती. म्हणजे एक तर नावे कमी होणार होती किंवा पुन्हा पुरवणी मागणी येणार होती. जुलै २०२५ मध्ये सुमारे २६ लाख लाभार्थी अपात्र असल्याचे सरकारनेच सांगितले. हा भागाकार मार्चमध्येच प्रत्येक आमदाराच्या टेबलावर असता, तर पडताळणीचा प्रश्न हप्ते थांबण्याआधी सभागृहात आला असता.

यात विरोधकांनाही सूट नको. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत याच कामासाठी एका बाजूने महिना २,१०० रुपये देऊ असे सांगितले, दुसरीने ३,०००. दोन कोटी चाळीस लाख महिला धरल्या तर पहिल्याचा वर्षाचा खर्च ६०,४८० कोटी, दुसऱ्याचा ८६,४०० कोटी. हे गुणाकार अधिकृतपणे करून छापणारे, कोणत्याच पक्षाचे नसलेले कार्यालय आपल्याकडे नाही.

खर्चाचा हिशेब आधी मांडणे आपल्याला परके नाही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली, तेव्हा पैसा कुठून येणार याचेही उत्तर शोधले गेले. १९७५ मध्ये व्यवसाय कर आला आणि त्याच्या उत्पन्नाइतकीच रक्कम राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची ठरली. हमीचा कायदा झाला १९७७ मध्ये. पगारपत्रकात आजही ती कपात असते, महिना २०० आणि फेब्रुवारीत ३००. ती का कापतात हे किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे! पण खर्चाशेजारी त्याचा स्रोत लिहिलेला होता. पागे यांच्या नावाने विधानमंडळाचे संसदीय प्रशिक्षण केंद्र आहे. अशा कार्यालयाची सुरुवात तिथूनच व्हायला हरकत नाही.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात विधिमंडळाचे असे विश्लेषण कार्यालय १९४१ पासून आहे. कर्मचारी साधारण पन्नास-साठ. देखरेख दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीची. गव्हर्नर जानेवारीत अर्थसंकल्प मांडतात आणि काही दिवसांतच कार्यालयाची चिकित्सा सर्वांसाठी खुली होते. डिसेंबर २०२३ मध्ये त्याने ६८ अब्ज डॉलरची तूट येणार म्हणून सांगितले. जानेवारीत गव्हर्नरांनी ती सुमारे ३८ अब्ज मांडली. गव्हर्नर आणि विधिमंडळातले बहुमत एकाच पक्षाचे, तरी कार्यालयाने आपला हिशेब गुंडाळून ठेवला नाही. फरकाचा बराच भाग कशाला तूट म्हणायचे यातला होता, हेही त्यानेच उलगडून दाखवले. आपल्याकडे असा फरक पडला असता तर संध्याकाळी वाहिन्यांवर दोन प्रवक्ते भांडले असते आणि आकडा तिथेच राहिला असता.

सरकारी खर्च तपासणारे महालेखापरीक्षक, म्हणजे कॅग, आहेत ना, असे कोणी म्हणेल. कॅगचा अहवाल येतो तोवर पैसा खर्च झालेला असतो. दिल्लीची पीआरएस ही संस्था राज्यांच्या अर्थसंकल्पांवर चांगले टिपण काढते, पण विधिमंडळाच्या वतीने मंत्रालयातल्या विभागाकडे माहिती मागण्याचा अधिकार तिला नाही. केरळ विधानसभेत विषय समित्या मागण्यांची छाननी करतात. त्यांच्याकडूनही घेण्यासारखे आहे. आपल्याकडे शेवटच्या दिवशी गिलोटिन लागते, म्हणजे वेळ संपली म्हणून उरलेल्या मागण्या एकदम मताला टाकल्या जातात, आणि कित्येक विभागांच्या मागण्या चर्चेशिवाय मंजूर होतात. अर्थसंकल्पाच्या प्रकाशनांचा गठ्ठा घेऊन पहिल्यांदा निवडून आलेला आमदार एकट्याने काय करणार? आकडे समजावून सांगणारे अधिकारी सरकारचेच.

कलम १८७ नुसार विधिमंडळाचे सचिवालय वेगळे असते. त्यामुळे हे कार्यालय अर्थ विभागाच्या छायेत उभारण्याचे कारण नाही. आपण आणि सभापती महोदय मिळून ठरवू शकता. प्रमुखाची मुदत विधानसभेच्या मुदतीशी जोडू नये. निवड अशा समितीने करावी, जिच्यात विरोधकांची संख्या नावापुरती नसेल. आणि निवृत्त वित्त सचिवांना तिथे बसवू नये, एवढे मात्र आग्रहाने सांगतो. कालपर्यंत ज्यांनी अंदाज केले, त्यांनीच ते आज तपासायचे, हे बरे नव्हे.

पहिले काम छोटे द्यावे. पुढच्या पुरवणी मागण्या मांडल्या जातील, तेव्हा मतदानाच्या दोन दिवस आधी प्रत्येक मोठ्या मागणीवर एक पानाचे टिपण, मराठीत: मूळ तरतूद किती होती, आजवर खर्च किती झाला, ही गरज मार्चमध्ये दिसत होती का, आणि पुढच्या वर्षी याचा बोजा किती. ते आमदारांना द्यावे आणि त्याच दिवशी संकेतस्थळावरही टाकावे.

आपला,
एक निवृत्त कोषागार कर्मचारी