दांडिया बाजारच्या काकूंना, जाहीर आभार

ति. काकूंना,
साष्टांग नमस्कार.

तुमचे आभार समोर बसून मानायचे म्हटलं की तुम्ही "चहा टाकते" म्हणून आत निघून जाता. आता तुम्ही लेकीकडे नाशिकला राहायला गेला आहात, तेव्हा पत्रच लिहितो, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. बडोद्यातल्या मराठी घरांत माझ्यासारखी आणखी माणसं आहेत. शेजाऱ्यानं मनावर घेतलं तर तो केवढं करू शकतो, हे त्यांना आणि त्यांच्या शेजाऱ्यांनाही कळावं असं मला फार वाटतं.

मी लग्न का करत नाही हे आई आणि दादानंतर सगळ्यात आधी मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही मेथी निवडत होतात. हातातली जुडी खाली ठेवलीत आणि म्हणालात, "राजपीपळ्याच्या राजघराण्यातले मानवेंद्रसिंह समलिंगी आहेत ही बातमी २००६ साली पेपरात आली, तेव्हा आमच्या बँकेच्या शाखेत दुसरा विषय नव्हता. तिकडे लोकांनी त्यांचे पुतळे जाळले. इकडे आमच्यातले शिकलेसवरलेले लोक नको नको ते बोलत होते आणि मी मान खाली घालून लेजर भरत होते. आता नाही हो मी तशी बसायची." तुम्ही खरंच पुन्हा तशा बसला नाहीत.

मला मूल हवं होतं. एकट्या पुरुषाला कायद्यानं मुलगी दत्तक मिळत नाही, मुलगा मिळतो, म्हणून मुलासाठी नाव नोंदवलं. घराची पाहणी करायला बाई आल्या तेव्हा शेजारी म्हणून त्यांनी तुम्हालाही विचारलं. तुम्ही काय सांगितलंत ते आजवर मला कळलेलं नाही. काही महिन्यांनी चिरंजीव घरी आले. पहिले कितीतरी दिवस तो माझ्यापेक्षा तुमच्याच ओट्याजवळ जास्त असायचा, कारण तिथे पिठाचा गोळा मिळायचा.

मग आईचं ऑपरेशन निघालं. डॉक्टर पुण्याचे, दादाचं घर पुण्यात, सगळं ठरलेलं. पण आई बडोदं सोडायला तयार होईना. "तू आणि ते पोर एकटे. रात्री-अपरात्री तुला काही झालं तर दार कोण उघडेल?" याच्यापुढे ती जाईचना. एका रात्री मी सांगून टाकलं की मी एकटा नाही, एक जण आहे. आईनं डोळे पुसले आणि म्हणाली, "मग गणपतीत जेवायला आण."

असा कोणी नव्हता. होता तो माझा मित्र, शाळेत चित्रकला शिकवणारा, मूळचा डभोईचा, घरी गुजराती बोलणारा. आईसाठी एवढं कर, असं मी त्याला म्हटलं आणि तो हो म्हणाला. नाटक कसं वठवायचं याची आमची खलबतं वरच्या गॅलरीत चालली होती आणि गॅलरी तुमच्या खिडकीच्या बरोब्बर वर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही जिना चढून आलात आणि त्याच्या हातात कॅलेंडरचं एक फाडलेलं पान दिलंत. पानाच्या मागे तुमच्या बँकेतल्या सुबक अक्षरात पूर्ण 'सुखकर्ता दुःखहर्ता' लिहिलेली होती. शब्द मराठी, लिपी गुजराती. जिथे तो अडखळेल असं तुम्हाला वाटलं तिथे लाल पेनानं रेघ मारली होती. "आरतीला नुसते ओठ हलवलेले आईंच्या लक्षात येतील," एवढंच म्हणालात आणि खाली गेलात. नाटक कशासाठी, तो खरा कोण, एका शब्दानं विचारलं नाहीत.

२०२३ च्या त्या गणपतीत त्यानं आरती म्हटली, अगदी 'दर्शनमात्रे मनकामना पुरती' पर्यंत, न चुकता. आईनं त्याच्या पानात दोनदा पुरणपोळी वाढली. पंधरा दिवसांत ती पुण्याला गेली, ऑपरेशन नीट झालं. त्या एका कॅलेंडरच्या पानाचे उपकार कसे फेडायचे ते मला कळत नाही.

आमचं नाटक तिथे संपायला हवं होतं. पण आईला दर रविवारी व्हिडिओ कॉलवर दोघंही दिसायला हवे असायचे, त्यामुळे मास्तर (चिरंजीव त्याला तेच म्हणतात) दर रविवारी येऊ लागला. यायचाच आहे तर सकाळी लवकर, मग जेवायलाच, मग पोराला कमाटीबागेत गाडीत बसवायला. फोनच्या चौकटीत दोघं मावावेत म्हणून आम्ही खांद्याला खांदा लावून बसायचो. एका रविवारी बोलता बोलता रेंज गेली, कॉल तुटला. पुन्हा फोन यायची वाट बघत आम्ही तसेच बसून राहिलो. फोन आला नाही, आणि सरकून बसावं असं दोघांनाही वाटलं नाही. तरीही पुढे कित्येक महिने आम्ही त्यावर अवाक्षर काढलं नाही. मला पोराची भीती होती. त्याला लळा लागला आणि उद्या हा माणूस यायचा बंद झाला तर काय, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मास्तरला वाटत होतं की मी फक्त आईसाठी हे सगळं करतोय.

वाड्यात कुजबुज सुरू झालीच. "हा रोज कोण येतो?" असं चौकात कोणीतरी मोठ्यानं विचारलं तेव्हा मी वर कपडे वाळत घालत होतो. तुमचं उत्तर मी कानांनी ऐकलं आहे. "त्यांच्या घरचा आहे. काही काम होतं का?" काकू, 'त्यांच्या घरचा' हे आमच्या बाबतीत पहिल्यांदा तुम्ही म्हणालात. आम्ही दोघंही तोवर म्हटलं नव्हतं.

मग ऑगस्ट २०२४ चा पूर आला. जन्माष्टमीच्या सुमारास विश्वामित्री नदी शहरात शिरली, सोसायट्यांमध्ये मगरी निघाल्या. समा भागातली मास्तरची तळमजल्यावरची खोली पाण्यात गेली. तो आमच्या दारात आला तेव्हा अंगावरचे कपडे निथळत होते आणि डोक्यावर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली एक मोठी फाइल होती. तेवढंच त्यानं घरातून काढलं होतं. आत मुलांची चित्रं. वीज नव्हती. तुम्ही मेणबत्तीच्या उजेडात अख्ख्या वाड्यासाठी खिचडी टाकलीत, आणि पोरानं मास्तरच्या फाइलमधली ओली चित्रं तुमच्या दोरीवर चिमट्यांनी लावली, साड्यांच्या मधे मधे.

पाणी ओसरलं, पेपर यायला लागले, आणि तुम्ही एक कात्रण घेऊन वर आलात. केंद्राच्या अर्थ मंत्रालयानं २८ ऑगस्टला, म्हणजे आपण पाण्यात होतो तेव्हाच, एक खुलासा काढला होता. आमच्यासारख्या माणसांना संयुक्त बँक खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला कोणतीही आडकाठी नाही, असा. सयाजीराव महाराजांनी १९०८ साली काढलेल्या बँकेत तुमची उभी नोकरी गेली. असली बातमी तुमच्या नजरेतून सुटणार नव्हतीच. कात्रण टेबलावर ठेवून तुम्ही म्हणालात, "दोघं मिळून खातं उघडा. फॉर्म मी भरून देते."

मी ओशाळलो. म्हटलं, "काकू, तुम्हाला माहीत आहे, ते सगळं आईसाठी होतं. खरं काही नाही."

"आरती मीच लिहून दिली होती. मला माहीत आहे," तुम्ही म्हणालात. "मी आजचं विचारतेय."

मास्तर खिडकीजवळ उभा होता. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मारी तो हा छे." घाबरला की तो गुजरातीत येतो. मी काय म्हणालो ते तुम्ही ऐकलं नाहीत, कारण तेवढ्यात तुम्ही पोराचा हात धरून त्याला खाली घेऊन गेला होतात. मीही हो म्हणालो, काकू.

आईला खरं सांगायचं असा हट्ट मास्तरचा. आता सगळं खरंच आहे तर कशाला, असं मला वाटत होतं, पण त्याला आईशी नातं खोट्यावर उभं नको होतं. सांगितलं. आई फार दुखावली. माझ्यावर चिडली ते समजण्यासारखं होतं, पण तिनं तुम्हालाही फोन करून "तुम्हीसुद्धा?" असं विचारलं. तुम्ही दार लावून तिच्याशी तासभर बोललात. काय बोललात ते ना तुम्ही सांगितलंत ना तिनं. पुढच्या रविवारी आईचा फोन आला आणि ती मला म्हणाली, "तू बाजूला हो, मला मास्तरांशी बोलायचं आहे." माझ्यासाठी तुम्ही केलेलं सगळ्यात मोठं काम हेच. कायद्याला जे जमत नाही ते त्या तासाभरात झालं.

कायद्याचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर आम्ही गुन्हेगार नाही, आणि १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानंतर आमचं लग्नही होऊ शकत नाही. लग्न नाही म्हणून दोघांच्या नावानं दत्तकही नाही. पोराच्या कागदांवर मास्तर कोणीच नाही. हे माझ्या डोक्यात नुसतं घोळत होतं. तुम्ही सरळ वकिलांची वेळ घेतलीत. आज माझ्या मृत्युपत्रात मुलाचा पालक म्हणून मास्तरचं नाव आहे, साक्षीदार म्हणून तुमची सही आहे, आणि शाळेतून घ्यायला येणाऱ्यांच्या यादीतही त्याचं नाव आहे. त्या फॉर्मवर 'नातं' असा रकाना होता. मी पेन धरून थांबलो होतो. तुम्ही म्हणालात, "पालक लिहा. डबा तो भरतो, गृहपाठ तो घेतो, तर दुसरं काय लिहिणार?" शाळेनं काही विचारलं नाही.

तुमची खोली बंद आहे. किल्ली आमच्याकडे आहे, तुळशीला पाणी पोर घालतं. आई यंदा दिवाळीला येते आहे आणि तिनं बजावलंय की तुम्ही असल्याशिवाय फराळाला हात लावणार नाही. चकलीची भाजणी मास्तरनं आतापासून विचारून ठेवली आहे. गुडघ्यांमुळे तुम्हाला एकटीला प्रवास जमणार नाही हे माहीत आहे, म्हणून तो स्वतः नाशिकला घ्यायला येईल. तारीख तेवढी कळवा.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा